नानांची तबकडी आणि दादाची तबकडी

मी लष्करात राहतो असे सांगितले की पुण्या-मुंबईकडील पाहुणे चटकन सावरून बसतात आणि हुद्दा कोणता म्हणून विचारतात. लष्कर हे आमच्या ग्वाल्हेरातील एका भागाचे नाव आहे, १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली ती पुन्हा हलली नाही, एवढे समजावून सांगेपर्यंत त्यांचा चहा निवून जातो. आमचे घराणे त्या छावणीबरोबर इकडे आले. पूर्वजांच्या हातात तलवार होती की नुसती दौत-लेखणी, याविषयी घरात दोन मते होती. आजी तलवारीच्या बाजूची, आणि नाना, म्हणजे आमचे वडील, लेखणीच्या.

मला लिहावयाचे आहे ते मात्र तबकड्यांविषयी, आणि त्याही कोणाच्या, तर बीटल्स नावाच्या चार इंग्रज तरुणांच्या. ग्वाल्हेरचा माणूस आणि हा विषय, असे म्हणून काही वाचक भुवया उंचावतील. त्यांचा दोष नाही. या गावाचे नाव घेतले की हद्दू-हस्सू खाँ आठवावेत, तानसेनाची समाधी आणि तिच्याजवळचे चिंचेचे झाड आठवावे, हे योग्यच आहे. त्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी समजूत आहे. नानांनी तो दादाला लहानपणी खाऊ घातला होता. पुढे दादा माडीवर इंग्रजी गाणी मोठ्याने म्हणू लागला, तेव्हा आई म्हणे, "पाला जरा जास्तच झाला."

नाना सरकारी हिशेबाच्या कचेरीत नोकरीला होते. दहा ते पाच आकडे आणि संध्याकाळी तंबोरा, असा त्यांचा दिवस. माधवराव शिंद्यांनी पंडित भातखंड्यांच्या साहाय्याने १९१८ साली येथे जे माधव संगीत महाविद्यालय काढले, तेथे त्यांनी तरुणपणी काही वर्षे धडे घेतले होते. मैफलीत गाण्याइतके आपण झालो नाही, हे त्यांचे त्यांनीच एके दिवशी ठरवून टाकले. ऐकणारे मात्र ते कसलेले होते. गावात कृष्णराव शंकर पंडितांचे गाणे असले की त्या रात्री आमच्याकडे जेवणाची वेळ कोणी विचारीत नसे.

त्यांच्या फडताळात चावीचा एक ग्रामोफोन होता आणि तीसेक तबकड्या उभ्या लावून ठेवलेल्या होत्या. रविवारी सकाळी स्नान झाल्यावर नाना फडताळ उघडीत. चावी देणे, पत्र्याच्या डबीतून नवी सुई काढणे, तबकडी मऊ फडक्याने पुसणे, ही कामे ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. सुई प्रत्येक खेपेस बदलावी लागे, कारण लोखंडी सुई एका गाण्यात झिजे आणि झिजलेली सुई तबकडीची रेघ खरवडून काढी. या तबकड्या लाखेच्या, वजनाला जड आणि स्वभावाने काचेसारख्या. एका बाजूस सव्वातीन मिनिटे, फार तर साडेतीन. तेवढ्यात मोठमोठ्या गवयांनी आलाप, बोल आणि ताना बसविल्या, याचे नानांना फार कौतुक होते.

त्या तीस तबकड्यांत एक दत्तात्रेय विष्णू पलुस्करांच्या भजनाची होती. पलुस्कर १९५५ च्या ऑक्टोबरात अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारले. नानांनी ती तबकडी त्याच वर्षी घेतली, आणि मी जन्मलो तोही त्याच वर्षी. ही गायकी आमच्याच गावची. वासुदेवबुवा जोशांकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले, बुवांनी ती मिरजेस नेली, तेथे विष्णु दिगंबरांनी घेतली आणि त्यांच्या चिरंजीवांच्या गळ्यातून ती लाखेवर उमटून पुन्हा लष्करातील आमच्या फडताळात आली. नाना हा प्रवास बोटांवर मोजून दाखवीत आणि शेवटचे बोट त्या फडताळाकडे करीत.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. १९६४ साली तो सोळा वर्षांचा होता. शुक्रवारी रात्री दिल्ली केंद्रावरून 'ए डेट विथ यू' हा इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम लागे. आवाज अगदी बारीक करून आणि रेडिओच्या पेटीला कान चिकटवून तो ऐके, कारण पलीकडच्या खोलीत नाना निजलेले असत. एकदा ते उठून आले आणि असे चोरून काय ऐकतोस म्हणून विचारू लागले. दादाने उत्तर तयार ठेवले होते. बडे महंमद खाँची तान कोणाला शिकावयास मिळत नसे, म्हणून दौलतराव शिंद्यांनी हद्दू-हस्सू खाँना पडद्याआड बसवून ती ऐकविली आणि त्यातून ग्वाल्हेरची गायकी घडली, अशी आख्यायिका आहे. नानांनीच ती आम्हांला दहा वेळा सांगितली होती. दादा म्हणाला, "ते पडद्याआड बसले, मी पेटीआड बसलो आहे." नाना काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आईला ते म्हणाले, "पोरगा बोलण्यात तयार आहे. गाण्यात असता तर!"

१९६५ च्या उन्हाळ्यात मुंबईची आत्या आली, तिने दादासाठी बीटल्स मंडळींची एक तबकडी आणली. येथे थोडी माहिती द्यावयास हवी. इंग्लंड-अमेरिकेत लाखेची अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी १९६० च्या सुमारासच निकालात निघाली होती. आपल्याकडे मात्र घरोघरी चावीचे ग्रामोफोन होते आणि ते विजेवाचून चालत. म्हणून कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यातून बीटल्सची गाणीही त्याच जुन्या लाखेवर निघाली. जगात इतरत्र ज्यांची गाणी नव्या पद्धतीच्या हलक्या तबकड्यांवर वाजत होती, ते आमच्याकडे सैगल आणि बालगंधर्वांच्या पोशाखात आले. आज परदेशचे संग्राहक या भारतीय तबकड्या शोधीत फिरतात. दादाच्या दृष्टीने तिचा खरा गुण एकच होता. ती नानांच्या ग्रामोफोनवर लागत असे.

नानांनी ती एकदा पूर्ण ऐकली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मग म्हणाले, "लय पक्की आहे. बाकीचे मला समजत नाही." त्यांनी ग्रामोफोन वापरण्यास मनाई केली नाही. ते कचेरीत गेल्यावर दादा ती तबकडी लावी आणि एकेका दिवशी दहा-दहा वेळा लावी.

जूनमधला रविवार होता. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. दुपारी लू सुटते, रस्त्यात कुत्रेही दिसत नाही, आणि घरोघरी वाळ्याच्या ताट्या भिजवून माणसे अंधारात पडून राहतात. नाना खालच्या खोलीत निजले होते. दादा बाहेर गेला होता. मी दहा वर्षांचा होतो, आणि मला ती इंग्रजी तबकडी एकट्याने, स्वतःच्या हाताने लावून पाहावयाची होती. ग्रामोफोनवर सकाळची पलुस्करांची तबकडी तशीच होती. मी ती उचलली आणि बंगईच्या कडेवर ठेवली. बंगई हलते हे मला माहीत नव्हते असे नाही. दुसरी तबकडी घेण्यासाठी मी वळलो, तेवढ्यात ती घसरली आणि फरशीवर पडली. आवाज फार झाला नाही, मातीचे झाकण फुटावे इतकाच. दोन मोठे तुकडे झाले आणि कडेचा एक टवका उडाला.

मी किती वेळ तेथे उभा होतो कोण जाणे. दादा आला, त्याने पाहिले आणि मला माडीवर जाण्यास सांगितले. नाना उठून बाहेर आले तेव्हा तो स्वतःची तबकडी हातात घेऊन उभा होता. जिन्याच्या वरच्या पायरीवरून मला सर्व ऐकू आले. दादा म्हणाला, "माझ्या हातून पडली." नाना एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी खाली बसून तुकडे गोळा केले, टवकाही शोधला, सर्व कागदी वेष्टनात घालून फडताळात ठेवले, आणि ग्रामोफोनची चावी काढून कोटाच्या खिशात टाकली.

त्या दिवसापासून अडीच वर्षे नाना दादाशी सरळ बोलले नाहीत. बोलणे आईच्या मार्फत होई. "त्याला सांग, फीचे पैसे देवघराच्या कोनाड्यात ठेवले आहेत." "त्याला विचार, परीक्षेचा अर्ज भरला का." तो समोरच बसलेला असे. मी दादाला एकदा विचारले की तू असे का केलेस, तर तो म्हणाला, "तुला मार बसला असता. मला काय, नुसता अबोला." तेव्हा मला ते पटले. आता वाटते, मार पुष्कळ स्वस्त पडला असता. पाच मिनिटांत आटोपला असता आणि संध्याकाळी नानांनीच जिलबी आणली असती.

दादा अभियांत्रिकीला गेला. दालबाजारातील एका व्यापाऱ्याच्या मुलांना गणित शिकवून त्याने पैसे साठविले आणि १९६७ मध्ये विजेवर चालणारा पेटीवजा रेकॉर्ड प्लेअर घेतला. आता लांब तबकड्या लागू लागल्या, एका मिनिटाला तेहतीस फेऱ्या आणि एक तृतीयांश, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे. त्या आमच्या गावात मिळत नसत. मुंबईस काळा घोड्याजवळ 'रिदम हाऊस' म्हणून दुकान होते (२०१६ साली ते बंद झाले), तेथून आत्या ती खरेदी करी आणि जुन्या नऊवारीच्या घडीत गुंडाळून, पंजाब मेलने येणाऱ्या कोणाही ओळखीच्या माणसाच्या हाती देई. लंडनमध्ये निघालेली तबकडी आमच्या माडीवर पोहोचेपर्यंत बहुधा वर्ष उलटून जाई. दादाला त्याचे काही वाटत नसे. कलकत्त्याहून निघणाऱ्या 'जे. एस.' या तरुणांच्या साप्ताहिकातून त्याला सर्व बातम्या आधीच कळलेल्या असत, आणि त्यातील एक मोठे चित्र त्याने माडीच्या भिंतीवर चिकटविले होते. भिंतीच्या पलीकडे देवघर होते. आईला त्या केसाळ मुलांची दया येई. "आई-बाप असतील ना यांना?" असे ती विचारी.

१९६८ च्या फेब्रुवारीत हेच चौघे महर्षी महेश योगींच्या आश्रमात ऋषिकेशला येऊन राहिले, तेव्हा वर्तमानपत्रांत रोज काही ना काही छापून येई. नानांनीही वाचले. ते आईला म्हणाले, "शिकावयाचेच असेल तर ऋषिकेशला कशाला? ग्वाल्हेरला यावे." हे वाक्य दादाच्या कानावर पडावे इतक्या मोठ्याने उच्चारले होते. त्या मुक्कामात त्यांनी बरीच गाणी रचली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पांढऱ्या कोऱ्या वेष्टनाचा जो जोडसंच निघाला त्यात ती आली. पण ते पुढचे.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी दादा ओसरीवर 'रिव्हॉल्व्हर' नावाची तबकडी पुसत बसला होता. ५ ऑगस्ट १९६६ रोजी ती इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली होती, आमच्याकडे नुकतीच आली होती. तिचे वेष्टन बाजूस पडले होते. नानांनी ते उचलले, चष्मा लावला आणि कचेरीतील कागद तपासावा तसे मागील बाजूचे बारीक अक्षर वरपासून खालपर्यंत वाचू लागले. मध्येच थांबले. एका गाण्यापुढे तबल्याला अनिल भागवत असे नाव छापलेले होते. बाहेरचे म्हणून तेवढेच एक नाव त्या वेष्टनावर तबल्यासाठी होते, आणि ते भागवत.

नानांनी वर पाहिले. आई स्वयंपाकघरात होती. निरोप देण्यास मध्ये कोणी नव्हते.

"भागवत कुठले?" त्यांनी विचारले.

दादा गडबडला. "लंडनचे."

"ते आता. मूळचे?"

वाचकहो, महाराष्ट्राबाहेर दोनशे वर्षे राहिलेल्या माणसाला हा प्रश्न किती आतून येतो, ते आपणांस ठाऊकच आहे. आगगाडीत, दवाखान्यात, स्मशानातसुद्धा आडनाव ऐकू आले की आपण कुठले म्हणून विचारतो. दादाला त्याचे उत्तर ठाऊक नव्हते, मलाही आजवर मिळालेले नाही. पण नाना म्हणाले, "लाव पाहू."

गाण्याचे नाव 'लव्ह यू टू'. जॉर्ज हॅरिसनने ते रचले आहे. प्रारंभी सतारीवर थोडी मोकळी आलापी आहे आणि मग तबला सुरू होतो. नानांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. "तीनताल," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "हात साफ आहे." गाणे संपले तेव्हा त्यांनी विचारले, "आलापी एवढीच?"

"तीन मिनिटांचेच गाणे असते, नाना."

"आमच्याही तबकडीत तीनच मिनिटे असत," असे म्हणून ते एकदम थांबले. कोणती तबकडी आम्हां तिघांच्याही डोळ्यांपुढे आली ते सांगावयास नको. नानांनी ती लांब तबकडी दोन्ही हातांत धरून किंचित वाकवून पाहिली. "ही पडली तर फुटत नाही म्हणे?"

"नाही," दादा म्हणाला.

मी दारात गणिताची वही घेऊन उभा होतो. तेरा वर्षांचा होतो, काही लहान नव्हतो. त्या क्षणी मला बोलता आले असते. मी वहीत पाहत राहिलो.

त्या दिवसापासून बोलणे सुरू झाले, पण फक्त तबकड्यांपुरते. फीचे पैसे अजूनही कोनाड्यातच ठेवले जात. 'सार्जंट पेपर' नावाचा त्यांचा प्रसिद्ध संच १९६७ च्या उन्हाळ्यात निघाला होता. त्यावर साऱ्या जगात लेख लिहिले गेले आणि त्या वेष्टनावर गाण्यांचे शब्द अथपासून इतिपर्यंत छापले होते. त्यातील एका लांब गाण्यात तंबोरा, तबला, दिलरुबा, सर्व आहे. सूर खमाजाच्या जवळपासचे. नानांनी वेष्टन उलटसुलट पाहिले आणि ते रागावले, गाण्यावर नव्हे, हिशेबावर. "दिलरुबा कोणी वाजविला ते लिहिलेले नाही. मागच्या खेपेस नाव होते, या खेपेस गाळले. हे बरोबर नाही." फार वर्षांनी ती नावे पुढे आली. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कन्सारा, तबल्यावर नटवर सोनी. मी ती वाचली तेव्हा जोशी कुठले म्हणून विचारणारे घरात कोणी उरले नव्हते.

खरे सांगावयाचे तर सतारीची ही गाणी मला स्वतःला कधी फारशी आवडली नाहीत. ज्याच्या घरात सकाळी तंबोरा जुळतो त्याला ते पाहुण्याने नेसलेल्या धोतरासारखे वाटते. नेसणे मनापासून आहे, पण निऱ्या सुटतात. मला आवडत ती त्यांची सरळ गाणी, नुसती गिटार, ढोल आणि दोन गळे. ती ऐकताना वाटे, गावातल्या गावात, आपल्याच बोलीत, चार मित्रांनी मिळून असे काही रचता आले पाहिजे. आमच्याकडे ज्याला गावयाचे असे त्याला आधी दहा वर्षे षड्ज लावावा लागे. नाना त्यामुळेच थांबले. हे मी त्यांना कधी बोललो नाही.

१९७१ च्या डिसेंबरात युद्ध झाले. ३ तारखेला रात्री पाकिस्तानी विमानांनी आग्र्यावर बॉम्ब टाकले. आग्रा आमच्यापासून जेमतेम सव्वाशे किलोमीटर, आणि आमच्याकडेही विमानतळ. खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही बसत असू आणि नाना अंधारात हळू आवाजात गुणगुणत. त्याच वर्षी १ ऑगस्टला न्यूयॉर्कला पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी दोन कार्यक्रम केले होते. दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार माणसे आली होती. त्याच्या तीन तबकड्यांचा संच नारिंगी रंगाच्या खोक्यात निघाला. वर रिकाम्या थाळीपुढे बसलेल्या उपाशी मुलाचे छायाचित्र. आत्याच्या दिरांनी लंडनहून तो पाठविला आणि १९७२ च्या दिवाळीत तो आमच्या घरी पोहोचला.

पहिली बाजू संपूर्ण रविशंकरांची, म्हणून नाना मुद्दाम कोट घालून ऐकावयास बसले. सतार, अली अकबर खाँची सरोद, अल्लारखांचा तबला, कमला चक्रवर्तींचा तंबोरा. वाद्ये जुळवून झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यावर पंडितजी श्रोत्यांना म्हणतात की जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन याहून आवडेल अशी आशा करतो. दादाने हे भाषांतर करून सांगितले आणि नाना असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांना इतके हसताना मी त्यापूर्वी किंवा नंतर पाहिले नाही. मग 'बांगला धून' सुरू झाली आणि ते स्तब्ध झाले. संपल्यावर म्हणाले, "सरोद उत्तम. पण हाफिज अली खाँसाहेबांची गोष्ट निराळी." खाँसाहेब आमच्या गावचे. त्यामुळे नानांपुढे दुसऱ्या कोणाच्या सरोदीला पहिला क्रमांक मिळणे शक्य नव्हते.

पुढच्या पाच बाजू हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन वगैरे मंडळींच्या. "आता तुमचे चालू द्या," म्हणून नाना उठले आणि ओसरीवर गेले. पण फिरावयास गेले नाहीत. कंदील लावण्याची वेळ होईपर्यंत तेथेच बसून होते. नंतर त्यांनी एकच चौकशी केली, पैसे पोहोचले काय? तिकिटांचे सुमारे दोन लाख त्रेचाळीस हजार डॉलर युनिसेफकडे गेले, पण तबकड्यांच्या विक्रीचा पैसा करांच्या गुंत्यात वर्षानुवर्षे अडकून पडला, असे पुढे वाचावयास मिळाले. नानांनी ते ऐकून मान हलविली. हिशेबाच्या कचेरीत उभा जन्म घालविलेल्या माणसाला त्यात नवल नव्हते.

२८ डिसेंबर १९७२ रोजी दिल्लीत हाफिज अली खाँ निवर्तले. बातमी आली त्या रात्री नाना माडी चढून आले. माडीवर ते कधी येत नसत. दादाला म्हणाले, "ती पहिली बाजू लाव. सरोद ऐकावयाची आहे, घरात दुसरी नाही." दोघे अंधारात बसून होते. मी खाली होतो. वर जावे असे मला वाटले नाही.

दादा १९७३ मध्ये मुंबईस नोकरीला लागला. तेथून त्याची पत्रे येत, चांगल्या शुद्ध मराठीत, नानांच्या नावे. १९७४ मध्ये त्याने 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हे इंग्रजी संगीतनाट्य पाहिले. अलेक पदमसींनी ते बसविले होते आणि जूडासचे काम नंदू भेंडे नावाच्या तरुणाने केले होते. रॉक पद्धतीचे गाणे मराठी गळ्यातून इतक्या ताकदीने आलेले मी प्रथमच ऐकले, असे त्याने कळविले. नानांनी उलट टपाली विचारले, भेंडे कुठले? या वेळी उत्तर होते. आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव. नानांचे समाधान झाले. पुढे १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांचे 'तीन पैशाचा तमाशा' जब्बार पटेलांनी रंगभूमीवर आणले, त्यातही नंदू भेंडे होते. नाना त्यानंतरच्या वर्षी डोळ्यांच्या उपचारासाठी मुंबईस गेले असता दादाने त्यांना ते नाटक दाखविले. परत आल्यावर ते मला म्हणाले, "मुलगा सुरात आहे, आणि शब्द कळतात. तुमच्या त्या चौघांचे शब्द मला कधी कळले नाहीत." नंदू भेंडे २०१४ साली गेले. त्यांच्यानंतर मुंबईत पुष्कळ वाद्यवृंद झाले. १९८८ मध्ये 'रॉक मशीन'चा पहिला संच निघाला, त्यात गिटारवर महेश तिनईकर होते. पण तोवर आमच्या घरातील विचारणारा माणूस गेला होता.

नाना १९८६ मध्ये वारले. तेराव्यानंतर आम्ही दोघांनी फडताळ उघडले. ग्रामोफोनची चावी कोटाच्या खिशातच होती. तबकड्यांच्या रांगेत, आपल्या मूळ जागी, पलुस्करांची ती तबकडी होती, दोन तुकडे आणि टवका. वेष्टनावर नानांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने तारीख घातली होती आणि पुढे 'फुटली' एवढेच लिहिले होते. कोणाच्या हातून, ते लिहिलेले नव्हते. दिलरुबावाल्याचे नाव गाळले म्हणून रागावणाऱ्या माणसाने येथे नाव घातले नव्हते. दादाने वेष्टन पाहिले, मी पाहिले. खाली आई चहाला हाका मारीत होती, म्हणून आम्ही फडताळ लावून घेतले.

दादा आता ठाण्यास असतो. सत्त्याहत्तर वर्षांचा आहे आणि त्याला उजव्या कानाने कमी ऐकू येते. गेल्या वर्षी मी त्याला फोन केला आणि सांगितले की ती गोष्ट नानांना सांगावयास हवी होती, ती मी सांगितली नाही, आणि तुलाही कधी त्याबद्दल काही बोललो नाही. फोनवर बराच वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले, उजवा कान लावला असावा. मग तो म्हणाला, "सुयांची डबी आहे का रे अजून?"

मी म्हटले, असावी.

"ती अर्धी मीच रिकामी केली होती, नानांना न विचारता. त्या दिवशी त्यांना वाटले असते तर तेही कळले असते. मी तबकडीचे कबूल केले ते थोडे त्यासाठीही. मोठ्या गुन्ह्यात धाकटा झाकला गेला."

साठ वर्षे मी त्याला निव्वळ थोर समजत आलो होतो. डबी फडताळाच्या मागील फळीवर सापडली. झाकणाला गंज चढला आहे, पण ग्रामोफोनपुढे बसलेला कुत्रा ओळखू येतो. आत अकरा सुया आहेत. दादा या थंडीत मेळ्याच्या वेळी येतो म्हणाला आहे. चावी मी तेल घालून ठेवली आहे.